जिनिंगच्या अंगणात लग्न

आमच्याकडं आता लग्न जुळायला वेळ लागत नाही. बायोडाटा व्हॉट्सॲपवर येतो, पोरं-पोरी फोनवर बोलून घेतात, सुपारी फुटते आणि मग घोडं अडतं ते कार्यालयापाशी. भाचीचं ठरलं तेव्हा हे काम आपोआप माझ्या गळ्यात आलं. दाजी शेतकरी, मानवतपासून आत त्यांचं गाव, आणि मी परभणीत नोकरीला, म्हणजे सगळ्यांच्या मते माझ्या लै ओळखी. ओळखी आहेतच, पण वैशाखातल्या मोठ्या तिथीला ओळख सांगितली तर कार्यालयवाला फार तर चहा पाजतो, भाडं कमी करत नाही.

आणि भाडं दीड लाख सांगितलं की आपल्याला वाटतं चला, दीड लाखात जागेचं भागलं. ते फक्त दार उघडायचे असतात. लाईटबिल मीटरवर, जनरेटरचं डिझेल आपलं, साफसफाई वेगळी, भांडी मोजून देणार आणि मोजून घेणार, एक झारा कमी भरला तरी त्याचे पैसे लावणार, डेकोरेशनवाला त्यांचाच घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुसरं वऱ्हाड येणार म्हणून रात्री पाहुण्यांच्या पिशव्या आपणच बाहेर काढायच्या. एका ठिकाणी मॅनेजर म्हणाला, नवरदेवाच्या रूमचा एसी पाहिजे असेल तर तासावर आहे. मी म्हणलं येऊ द्या नवरदेवाला घाम, पुढं सवय लागंल.

दाजींकडं पैसा नव्हता असं नाही, पैसा कापसात होता. 2022 मध्ये कापूस क्विंटलला 10 हजारांच्या पुढं गेला आणि त्या एका वर्षानं आमच्या भागातल्या माणसाची सवयच बिघडली. तेव्हापासून जो तो कापूस घरात भरून ठेवतो, पलंगाखाली कापूस, देवघराशेजारी कापूस, झोपायच्या खोलीत कापूस, अंगाला खाज सुटली तरी चालंल पण भाव येईपर्यंत विकायचा नाही. दाजींनी निम्मा विकला होता, निम्मा माडीवर होता. बाकी मग पीककर्ज. पेरणीच्या नावानं उचलायचं आणि मांडवात घालायचं हे आमच्याकडं कुणाला नवीन नाही. बँक बियाण्याला देते, लग्नाला देत नाही, आणि सावकार कशालाही देतो. ताई म्हणाली एकुलती एक पोरगी आहे, दाजी काहीच म्हणाले नाहीत, आणि दाजी गप्प बसले की मला भीती वाटते.

भाची स्वतः म्हणत होती की रजिस्टर लग्न करू. तिनं सगळी माहिती काढून ठेवली होती, 1954 चा विशेष विवाह कायदा, 30 दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. ताई म्हणाली तीन? अगं नुसत्या तुझ्या आत्या चार आहेत. मग पोरीनं सत्यशोधक लग्नाचं काढलं, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं 1873 च्या डिसेंबरात पहिलं तसलं लग्न लावलं होतं, भटजी नाही, हुंडा नाही, बडेजाव नाही. मला ते मनापासून पटलं होतं. पण व्याह्यांकडचे लोक अंबाजोगाईचे, त्यांना मुहूर्त, मंगलाष्टका, अंतरपाट सगळं पाहिजे होतं, आणि दोन्ही घरं राजी असताना एका पद्धतीवरून मोडायला नको म्हणून तो विषय तिनंच मागं घेतला. सामूहिक विवाहाचंही निघालं होतं, सरकारची त्यासाठी योजना आहे, जोडप्यामागं अनुदान मिळतं. त्यावर आमचे बापू, म्हणजे दाजींचे थोरले भाऊ, खाटेवरून उठून बाहेरच गेले. ते परत आल्यावर पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

मग शेतात करू म्हणलं. आजकाल फॅशन आहे, आंब्याखाली मांडव, बैलगाडीतून नवरी, ड्रोन वरून फिरायलंय. दिसायला फार छान. पण आमचं रान काळं आहे. मे महिन्यात अवकाळीचं एक झोडपं जरी आलं ना, तर काळ्या रानात माणूस गुडघ्यापर्यंत आणि गाडी चाकापर्यंत रुतते, तीनशे माणसं कुणी बाहेर काढायची? ज्यांना शेतात लग्न करायचंय त्यांनी आधी पावसाळ्यात स्वतःच्या शेतात मोटारसायकल घालून बघावी आणि मग ड्रोन बुक करावा. भाचीनं इन्स्टावर बघून चारठाण्याच्या हेमाडपंती मंदिरांचंही सुचवलं होतं. मंदिरं सुंदर आहेत यात वादच नाही, पण संरक्षित वास्तू म्हणल्यावर तिथं खिळासुद्धा ठोकता येत नाही, आणि येऊही नये, आमच्या मांडववाल्याच्या हातात हातोडा बघितला की मला त्या दगडांची काळजी वाटते.

जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी (बी) वेगळी करून रुई काढायच्या कारखान्याचं, डोकं भाचीचंच. फेब्रुवारीत ती दाजींसोबत कापूस घालायला गेली होती, ट्रॅक्टर वजनकाट्याच्या लाईनीत उभा, आणि हिनं तिथून मला अंगणाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, "मामा, हे पांढरं उचललं की इथं काय असतं?"

मी विचार केला, काहीच नसतं. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळा तापायला लागला की मशिनी बंद होतात. सरकी तेलवाल्याकडं गेलेली असते, रुईच्या 170 किलोच्या गाठी बांधून ट्रकात चढलेल्या असतात, हमाल आपापल्या गावी. मागं उरतं ते भलंमोठं सिमेंटचं अंगण, तीन बाजूंनी भिंत, उंच पत्र्याचे शेड, ट्रक वळतील एवढं गेट, पक्का रस्ता, बोअर आणि आग विझवायला बांधलेला पाण्याचा हौद. कार्यालयवाला ज्या ज्या गोष्टीचे पैसे लावतो त्यातल्या बऱ्याच इथं कापसासाठी आधीच करून ठेवलेल्या. पार्किंग तर विचारूच नका. परभणीतल्या कार्यालयांत लग्नाला गेलं की निम्मं लग्न गाडी लावण्यात जातं.

ताईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. "लोक म्हणतील पोरगी मोंढ्यात उभी केली." मोंढा म्हणजे आमच्याकडं शेतमालाचा बाजार. दाजी मात्र पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "माझा बाप तिथं तीन-तीन रात्री गाडीखाली झोपलाय नंबर लागायची वाट बघत." एकाधिकार खरेदीचा जमाना तो, 1972 ला सरकारनं योजना आणली आणि मग कापूस दुसऱ्या कुणाला विकायचाच नाही, केंद्रावर न्यायचा, बैलगाड्यांची रांग गावाच्या वेशीपर्यंत, तिथंच चूल, तिथंच झोप, प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं कापूस हातात घेऊन नाक मुरडलं की वर्षाचं गणित बसलं. त्याच अंगणात आता आपण पाहुणे म्हणून माणसं बोलवायची याची दाजींना काहीतरी वेगळीच गंमत वाटली असावी. ते एवढंच म्हणाले की जिनिंगच्या शेठला विचारून बघ, पैसे देऊन मागायचं, फुकट नाही.

शेठ चांगला माणूस निघाला पण व्यापारी होता. भाडं 20 हजार सांगितलं आणि अट घातली. अट अशी की मे महिन्यात कापसाचा भाव वाढला आणि घरात साठवलेला माल बाजारात यायला लागला, तर मशीन सुरू होणार आणि अंगण मोकळं मिळणार नाही, तुमचं तुम्ही बघा. आता हे बघा कसं आहे. दाजींचा निम्मा कापूस माडीवर, भाव वाढला तर लग्नाला पैसा, पण भाव वाढला तर लग्नाला जागा नाही. एप्रिलभर आमच्या घरात रोज सकाळी भाव बघायचे आणि कुणाला आनंद व्हायचा, कुणाला धसका बसायचा, आणि दाजींचं तर एकाच माणसाला दोन्ही व्हायचं. सावधगिरी म्हणून गावातल्या समाजमंदिराचं बोलून ठेवलं होतं. शेवटी भाव जिथल्या तिथं राहिला. जागा मिळाली. माडीवरचा कापूस दाजींनी आहे त्या भावात विकला, त्याच जिनिंगला.

जागा पक्की झाल्यावर बायकोला घेऊन बघायला गेलो. मी शेडची उंची, वायरिंग, आचाऱ्याची भट्टी कुठं लावायची हे बघायलो, आणि तिनं एकच प्रश्न विचारला, संडास किती? दोन होते. हमालांचे. एकाला कडी नव्हती आणि एकाला दार होतं पण ते लागत नव्हतं. आपण पुरुष लोक लग्नाची जागा बघताना स्टेज कुठं आणि पंगत कुठं एवढंच बघतो. नऊवारी नाहीतर शालू नेसून, अंगावर दागिने घालून, कडेवर लेकरू घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथं थांबायचं असतं ते बायकांना, आणि कित्येक बाया लग्नाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत हे मला लग्नाला पंधरा-वीस वर्षं झाल्यावर बायकोकडून कळलं. मेच्या उन्हात, परभणीत, जिथं पारा 43-44 ला जातो तिथं पाणी प्यायचं नाही! मग नगरपालिकेचं फिरतं शौचालय भाड्यानं आणलं, आहेत त्या दोघांना नवी दारं आणि आतून कड्या बसवल्या, लाईट लावली, बाहेर पाण्याची टाकी, आणि एक मावशी दिवसभर साफसफाईला. जेवणाच्या ताटापेक्षा यावर जास्त विचार केला असं म्हणलं तरी चालंल, आणि लग्नानंतर सगळ्यात जास्त कौतुकही बायकांकडून त्याचंच आलं, अर्थात हळू आवाजात.

दुसरं म्हणजे ऊन. पत्र्याचं शेड दुपारी तापतं म्हणजे तापतंच. म्हणून दुपारचा मुहूर्त सोडून गोरज धरला. अंगणात हिरवी जाळी बांधली, गाठी बांधायच्या प्रेसची उंच इमारत पश्चिमेला असल्यामुळं तिची सावली चारनंतर आपोआप अंगणात उतरत होती, ती फुकट. कूलर भाड्यानं. बोअरचं पाणी वापरायला, आचाऱ्याला टँकर, प्यायला थंड पाण्याचे जार. जानवसा शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत, सुट्ट्याच होत्या, मुख्याध्यापक आणि शाळा समितीला रीतसर अर्ज दिला आणि जाताना दोन वर्गांना पंखे बसवून दिले.

आणि रुई. शेड कितीही झाडा, वर पत्र्याच्या अँगलवर रुईचा भुरका चिकटून बसलेला असतो. हमालांतले दोघं जण गावातच होते, त्यांनी ब्लोअर लावून दोन दिवस मारा केला, तरी ऐन मंगलाष्टकांत कूलरच्या वाऱ्यानं थोडा थोडा भुरका खाली यायलाच. फोटोग्राफर खूष, म्हणाला काश्मीर दिसायलंय. आत्याबाईंच्या पैठणीला चिकटला त्या अजून बोलून दाखवतात.

आता खरी गोष्ट सांगतो. टँकर, जनरेटर, जाळी, कूलर, शौचालय, दारं-कड्या, सफाई, पंखे हे सगळं धरलं तर ते 20 हजारांचं भाडं जवळजवळ लाखाच्या घरात गेलं. कार्यालयापेक्षा कमीच, पण ज्या फरकाच्या जोरावर मी सगळ्यांना तयार केलं होतं तेवढा फरक राहिला नाही. रिकामी जागा स्वस्त दिसते कारण तिच्यात काहीच नसतं. खरा पैसा वाचला तो दुसरीकडंच. त्या जागेत काही गोष्टी करताच येत नव्हत्या म्हणून वाचला.

जिनिंगमध्ये आग हा शब्दसुद्धा कुणी मोठ्यानं बोलत नाही. शेठनं लेखी घेतलं होतं की फटाका नाही, अनार नाही, स्टेजवरच्या त्या ठिणग्यांच्या मशिनी नाहीत, बिडी-सिगारेट गेटच्या बाहेर, होम अंगणाच्या मधोमध लोखंडी घमेल्यात आणि शेजारी पाण्याची बादली घेऊन माणूस उभा. आचाऱ्याची भट्टी भिंतीच्या पलीकडं. रात्री दहाला आवाज बंद हा तर कायदाच आहे, पण इथं तो खरंच पाळला जाणार होता, कारण वॉचमन दहाला मेन स्विचच्या खोलीला कुलूप लावून जाणार होता. नवरदेवाच्या मित्रांनी आतषबाजीचं लाखाचं कोटेशन आणलेलं, अर्धे मुलीकडच्यांनी द्यायचे असं मोघम ठरलेलं. मी व्याह्यांना फोन करून सांगितलं, "तुमची हौस आम्हाला मान्य आहे हो, पण जिनिंगवाला नाही म्हणतो." विषय संपला. डीजे नाही, जिनिंगवाला नाही म्हणतो. आदल्या दिवशी हळदीचं मोठं जेवण तिथं नाही, ताबाच नाही, म्हणून हळद घरी, घरच्या माणसांत. टॉवेल-टोपीचे सत्कार, पुढाऱ्यांची भाषणं, वेळच नाही, दहाला कुलूप. हे सगळं मला किंवा दाजींना तोंडानं नाही म्हणायची वेळ आली असती तर आम्ही म्हणलो नसतो. मुलीकडच्यांना नाही म्हणता येत नाही. कार्यालयात सगळ्याला हो असतं, फक्त पैसे लागतात, आणि हो म्हणल्यावर न देणारा माणूस कंजूष ठरतो. इथं आम्ही कंजूष ठरलो नाही, जिनिंगवाला ठरला, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

माणसांचंही तसंच. गावाला चूलबंद आमंत्रण द्यायचं असं बापूंचं म्हणणं होतं, म्हणजे घरटी चूल पेटणार नाही, सगळे आपल्याकडं. शेडमध्ये पंगतीला एका वेळी किती बसतील ते खडूनं आखून बापूंनाच दाखवलं. बापूंनी स्वतः मांडी घालून, शेजारी वाढप्याला चालायला जागा सोडून, मोजलं. मग म्हणाले गावाला लग्नानंतर घरी सत्यनारायणाला बोलवू. पंगतच घातली, बफे नाही. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, भजी, बुंदी आणि मठ्ठा. दोन भाज्या कमी होत्या असं काही लोक म्हणाले, मठ्ठा मात्र पुन्हा पुन्हा मागत होते.

वऱ्हाड उशिरा आलं. अंबाजोगाईहून परळीवरून येताना एक गाडी पंक्चर, मग सगळे थांबले, मग चहा. गोरज मुहूर्त टळायला आला, भटजी घड्याळ बघायलेत, इकडं मारुतीहून नवरदेवाचा परण्या, म्हणजे वरात, अजून निघायचाय. दाजींचा चेहरा उतरला. तेवढ्यात व्याही आले आणि मला म्हणाले, "पाहुणे, आम्हाला मुहूर्ताचं सांगू नका, आमच्या गावात देवीचंच लग्न राहिलंय." योगेश्वरीची गोष्ट, आमच्या भागात सगळ्यांना माहीत असते. देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न लावायला निघाली, मुहूर्त चुकला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी अंबाजोगाईलाच राहिली, कुमारिका. तिथल्या लेण्यांना हत्तीखाना म्हणतात, ते दगडाचे हत्ती त्या वऱ्हाडातलेच असं सांगतात. ज्यांच्या गावात हे घडलं त्यांनी तरी वेळेवर निघावं असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मी मुलीचा मामा होतो, आणि भटजींनी तेवढ्यात म्हणलं मुलीच्या मामानं मुलीला घेऊन यावं, म्हणून गेलो. ज्वारीच्या अक्षता पडल्या, पिवळ्या, लाल, सिमेंटच्या अंगणावर, दुसऱ्या दिवशी चिमण्यांनी साफ केल्या म्हणे.

सेल्फी पॉइंट नव्हता. त्याचे पण पैसे असतात, फुलांचं कमान-बिमान. पण पोरांनी वजनकाटा शोधून काढला. काटेवाला गावातलाच, त्याला उत्साह आला, त्यानं केबिनमध्ये बसून मशीन चालू केलं आणि नवरा-नवरीला काट्यावर उभं केलं. ट्रक मोजायचा काटा तो, दहा-दहा किलोंनी सरकतो. आकडा आला 130. मग करवल्या चढल्या, मग व्याही-व्याहीण, मग आत्याबाई म्हणाल्या मी नाही बाई चढायची, आणि पैठणीसकट चढल्या. काटेवाल्यानं प्रत्येकाला छापील पावती दिली, गाडी नंबरच्या जागी नाव लिहून. भाचीच्या पावतीवर 'माल' पुढं काहीतरी लिहिलं होतं त्यानं, ती दाखवत नाही.

दहाला कुलूप लागलं. खरंच लागलं. पाहुणे पटापट निघाले, दाजी रात्री साडेदहाला स्वतःच्या घरी जेवत बसले होते, मुलीचा बाप लग्नाच्या रात्री बसून जेवलेला मी पहिल्यांदा बघितला. पीककर्ज उचललंच होतं, पण ते जूनमध्ये बियाण्याला आणि खताला गेलं.

गेल्या वर्षीपासून शेठला लग्नांसाठी फोन यायलेत. त्यानं भाडं 60 हजार केलंय, सरकीच्या गोदामाला पीओपी करून घेतलंय, आणि आतषबाजीला अंगणाच्या एका कोपऱ्यात परवानगी द्यायचं चाललंय, वरच्या पैशात. माझ्या चुलत भावाच्या पोरीचं यंदा आहे. मी मोंढ्यात एका बंद अडतीचं गोदाम बघून ठेवलंय, संडास एकच आहे, बायकोला अजून दाखवायचंय.